झुंबरबाईंनी दुरुस्त केलेली अमेरिका

कोकिळेचा कुण्णावर म्हणून भरवसा नव्हता! झुंबरबाईंची ही तक्रार धुळ्याच्या गल्ली नंबर सहाला आता तोंडपाठ झाली होती. सासूने गॅस बंद केला, की ही सून मागून जाऊन बटण चाचपणार. सासूने दाराला कुलूप घातलं, की ही ते दोनदा ओढून बघणार. सासूने डाळ निवडली, की ही तेच ताट उजेडात नेऊन पुन्हा बोटं फिरवणार. एकदा तर झुंबरबाईंनी आपल्या तोंडाने सांगितलं, की आज शनिवार आहे, तर ही बया उठून कॅलेंडर बघायला गेली!

"अगं, मी काय खोटं सांगते?"

"तसं नाही अक्का. बघून घेतलं फक्त."

"बघून घेतलं फक्त!" झुंबरबाई शेजारच्या मंदाबाईला ओट्यावरून ऐकवत. "आमचे मालक गेल्यापासून हा सगळा गाडा मी एकटीने ओढला. दुसरीत शाळा सुटली माझी, पण अख्ख्या गल्लीत मला फसवणारा माणूस जन्मला नाही. आणि ही बी.कॉम. झालेली मला तपासते, जशी काय मी दहावीचा पेपर आहे!"

हे एवढ्यावरच राहिलं असतं, तर घरातली गोष्ट घरात राहिली असती. पण अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात झुंबरबाईंच्या माडीवर अमेरिका राहायला आली.

झालं असं, की भाईदासने, म्हणजे झुंबरबाईंच्या एकुलत्या एका लेकाने, पॉलिटेक्निकातली चांगली नोकरी सोडली आणि आठ कॉम्प्युटर आणून माडीवर मांडले.

"अक्का, तिकडे माणसाचा पगार परवडत नाही. म्हणून ते आपलं काम इकडे पाठवतात. ते झोपले की आपण कामाला लागतो, ते उठले की काम तयार! तू बघच, दहा वर्षांत साऱ्या जगाची कारकुनी भारतात होईल."

"साऱ्या जगाची होऊ दे. धुळ्यात कशी होईल? इथं दिवसाचे चार तास लाइट नसते."

"म्हणून तर बॅटऱ्या आणल्या."

त्या बॅटऱ्यांनी झुंबरबाईंची धान्याची खोली गिळली. हा पहिला धक्का. दुसरा धक्का एसीचा! बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन, माणसं भरितासाठी भाजलेल्या वांग्यासारखी झालेली, आणि माडीवर मशीनला गारवा! जन्मदात्या आईला खालच्या खोलीत कुरकुरणारा पंखा, आणि त्या पत्र्याच्या डब्यांना महाबळेश्वर! शिवाय आत जायचं तर चप्पल दाराबाहेर काढायची. एवढं मात्र झुंबरबाईंना पटलं. मशीन झालं तरी काय, सोवळं पाळतंय.

काम ऐकून तर त्या खाली बसल्या. अमेरिकेत कोणी कपडे धुवायचं मशीन विकत घेतलं, की ते गिऱ्हाईक एक कार्ड भरून कंपनीला पाठवतं. नाव, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, घरात माणसं किती, कुत्री-मांजरं किती, असं सगळं त्यावर हाताने लिहिलेलं. त्या कार्डांचे फोटो सीडीत भरून धुळ्याला यायचे. गल्ली नंबर सहातल्या आणि आसपासच्या आठ बायका पडद्यावर कार्ड बघून ते टाइप करायच्या आणि तयार माल फ्लॉपीत भरून कुरियरने मुंबईला जायचा.

"म्हणजे त्यांची धुणी धुवायला मशीन, आणि त्या मशीनचा हिशेब ठेवायला आमच्या सुना!" झुंबरबाई म्हणाल्या. "अमेरिकेत माणसं आहेत की नाहीत?"

पण खरा धक्का पुढेच होता. एक दिवस त्या ताक घेऊन माडीवर गेल्या. समोरच्या खोलीत यशोदा कुठल्याशा बाईचं कार्ड ठोकत होती. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात चहाचा डाग पडलेला. मागच्या खोलीत द्रौपदाला ताक द्यायला गेल्या, तर तिच्या पडद्यावर तेच कार्ड! तोच चहाचा डाग!

"कोकिळे! अगं, या दोघी एकच कार्ड ठोकताहेत! तुला फसवताहेत!"

"नाही अक्का, तशीच पद्धत आहे," कोकिळा म्हणाली. "प्रत्येक कार्ड दोघींनी वेगवेगळं टाइप करायचं, एकमेकींचं न बघता. मग कॉम्प्युटर दोन्ही ताडून बघतो. फरक आला, की एकीची चूक झाली. मग मी मूळ कार्ड बघून ठरवते."

झुंबरबाईंच्या हातातला ताकाचा तांब्या तिरका झाला. एकच काम दोनदा! चार बायका राबणार आणि दुसऱ्या चार त्यांच्यामागून तेच राबणार! घरात गॅसचं बटण चाचपणारी ही सून, हिने आता तोच चाचपण्याचा धंदा काढला होता!

"म्हणजे इथंही तुझा कोणावर भरवसा नाहीच."

"माझा नियम नाही अक्का. कंपनीचा आहे."

"मग ती कंपनी तुझी सख्खी बहीण दिसते!"

आता यात झुंबरबाईंचं काय अडलं होतं? अडलं होतं ते दिवाणखान्यातल्या घड्याळाखाली. तिथे एक लिफाफा खोचलेला होता. पुण्याच्या एका कंपनीने भाईदासला नोकरीला बोलावलं होतं, एक जूनपर्यंत या म्हणून. आणि भाईदासने जेवता जेवता सांगून टाकलं होतं, "अक्का, आधीच्या दोन सीडींचं काम उशिरा गेलं. या तिसरीचं वेळेवर गेलं नाही, किंवा चुकलं, तर काम काढून घेणार आहेत. मग माडी बंद. मी आणि कोकिळा पुण्याला जातो, तू पण चल."

तू पण चल! पुण्यात चौथ्या मजल्यावर, जिथं खिडकीतून वाकलं तरी भांडायला माणूस सापडत नाही! त्या दिवसापासून झुंबरबाईंना घड्याळाकडे बघवेना. वेळ विचारायची झाली, तर त्या मंदाबाईला विचारायच्या.

आणि नेमकी त्यातच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

आखाजीला खानदेशातली सासुरवाशीण सासरी राहत नाही. सासर कितीही गोड असो, ती माहेरी जाते, झोका खेळते, आमरस-पुरणपोळी खाते आणि सासूविषयी पोटभर बोलून येते. माडीवरच्या आठापैकी सात जणी उडाल्या. कोणी बोदवडला, कोणी पारोळ्याला, कोणी साक्रीला. राहिली एकटी यशोदा, कारण तिचं माहेर दोन गल्ल्या सोडून होतं. ती दुपारी झोका खेळून चार वाजता परत येऊ शकत होती.

तिसऱ्या सीडीतल्या तीन हजार कार्डांपैकी एकवीसशे झाली होती. शेवटची नऊशे बाकी. भाईदासला कंपनीने मुंबईला चार दिवस बोलावून घेतलेलं. अशा वेळी कोकिळेचा भाऊ तोताराम तिला माहेरी न्यायला, मुराळी म्हणून, एरंडोलहून दारात हजर!

"भाऊ, मला यंदा जमत नाही," कोकिळा म्हणाली. "काम आहे."

झुंबरबाईंचा पारा चढला. "जमत नाही? आखाजीला सून माहेरी गेली नाही, तर लोक काय म्हणतील मला? झुंबरबाईने सुनेला जुंपून ठेवली! अमेरिकेसाठी माझं नाव घालवते? मंदाबाई तर टपूनच बसलीये. जा तू! मी आहे ना!"

कोकिळेने पिशवी भरली. मग तिने माडीची किल्ली दिली. कसं करायचं ते दोनदा सांगितलं. यशोदा पहिलं टायपिंग पूर्ण करील. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतल्या चौघींपैकी तिघी परत येतील, त्या दुसरं करतील. मी त्याच दुपारी येते. कुरियरवाला तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला. जाताना तिने माडीचं कुलूप दोनदा ओढलं.

"ओढ, ओढ! अजून एकदा ओढ, हातात येईल!" झुंबरबाई म्हणाल्या.

ती गेली आणि झुंबरबाई किल्ली घेऊन माडीवर चढल्या. राखण करायची, तर आत बसूनच करावी लागणार ना! एसीसमोर खुर्ची ओढली. आमरसाचं पातेलंही वर आणलं, ते गार व्हायला यूपीएसवर ठेवलं. यशोदेने ते मुकाट्याने उचलून दाराबाहेर ठेवलं.

"नुसतं टकटक काय करते? वाच जरा मोठ्याने. मला पण कळू दे अमेरिका."

यशोदा वाचू लागली. नववीपर्यंत शिकलेली, पण बोटं अशी चालत, की ज्वारीवर चिमण्या पडाव्या. ती वाचत गेली आणि झुंबरबाई हादरत गेल्या!

"नाव मेरी जॉन्सन. नवरा पीटर क्लार्क."

"थांब! बाई जॉन्सन आणि नवरा क्लार्क? लग्न झालंय ना?"

"इथं 'विवाहित' वर खूण आहे, अक्का."

"आणि आडनाव माहेरचं! अगं, घाईत चुकली असेल बिचारी. सवयीने माहेरचं लिहून गेली. नवऱ्याने बघितलं तर घरात रामायण! क्लार्क कर."

"अक्का, जसं असेल तसंच टाइप करायचं असतं. कोकिळाताईंनी सांगितलंय."

"कोकिळेला पाच वर्षांत माझं एकही खरं वाटलं नाही. तू उगी राय. माले बठ्ठं समजस, सगळं कळतं मला. कर क्लार्क!"

मेरी जॉन्सन एका फटक्यात मेरी क्लार्क झाली. झुंबरबाईंनी तिला मनातल्या मनात हळदीकुंकू लावलं.

पुढे तर अमेरिकेने लाजच सोडली! बहात्तर वर्षांची म्हातारी, आणि 'घरात माणसं' या रकान्यात एक!

"एक? म्हणजे ती एकटी?" झुंबरबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "लेक कुठे गेला? सून कुठे गेली?"

"कार्डावर नाही लिहिलं."

"राग आला असेल तिला. भांडण झालं असेल, रागाच्या भरात एक लिहिलं असेल. मी नाही का परवा मंदाबाईला म्हटलं, मला कोणी नाही म्हणून? म्हणून काय खरंच नाही? चार लिही. ती, लेक, सून, एक नातू. बरोबर चार."

मग एका बाईच्या घरात सहा मांजरी निघाल्या. "एकच लिही. लोक काय म्हणतील तिला! चांगल्या घरची दिसते." एका गृहस्थाने आवडीच्या कामात 'स्वयंपाक' लिहिला होता. तो पुसून 'वाचन' केलं, बायकोची अब्रू वाचली. तीन दिवस झुंबरबाईंनी अशी एसीत बसून अमेरिकेची विस्कटलेली घरं आवरली. बाहेर गल्लीत झोके चालले होते, गाणी चालली होती, आणि त्या रुमालाने डोळे पुसत यशोदेला म्हणत होत्या, "काय गं ही माणसं! पैसा आहे, मशीन आहे, पण सांगायला कोणी नाही!"

यशोदेची नऊशे कार्डं झाली. आता दुसरं टायपिंग. पण मागच्या खोलीतल्या तिघी आल्याच नाहीत. आखाजीचा आमरस एका दिवसात संपतो का कधी? त्यात एरंडोलहून मंदाबाईकडे कोकिळेचा फोन आला. झुंबरबाई धावत गेल्या.

"अक्का, आई झोक्यावरून पडली! हात मोडलाय."

"झोक्यावरून? या वयात? किती उंच घेतला होता?"

"ते राहू द्या. मला उद्या दुपारशिवाय निघता येत नाही. कुरियर सकाळीच आहे. मुली आल्या का? दुसरं टायपिंग?"

झुंबरबाईंना डोळ्यांपुढे घड्याळाखालचा लिफाफा दिसला. पुण्याची खिडकी दिसली.

"होईल सगळं. तू आईकडे बघ."

पलीकडे आईचं कण्हणं ऐकू आलं. मग कोकिळा म्हणाली, "बरं अक्का. तुमच्यावर सोडते."

तुमच्यावर सोडते! पाच वर्षांत पहिल्यांदा! झुंबरबाईंनी फोन ठेवला, तेव्हा त्यांची मान अशी ताठ झाली होती, की मंदाबाईला वाटलं, लचकली.

माडीवर येऊन त्यांनी यशोदेसमोर हुकूम सोडला. "तुझं जे आहे, तेच त्या मागच्या मशीनमध्ये घालता येतं का?"

"येतं. फ्लॉपीत घेऊन तिकडे टाकायचं. पण अक्का..."

"मग टाक!"

"पण ते दुसरं टायपिंग नाही होणार. ती नुसती नक्कल."

"एकदा नीट केलेलं काम पुन्हा करायचं कशाला? मी बसून करून घेतलंय ना? पुरणपोळी एकदा भाजली, की पुन्हा तव्यावर टाकतेस का, भाजली की नाही बघायला?"

यशोदेने फ्लॉपी काढली. तिने नक्कल टाकली. कॉम्प्युटरने दोन्ही फायली ताडल्या आणि पडद्यावर आकडा आला. नऊशे कार्डं, फरक शून्य.

"बघ!" झुंबरबाई म्हणाल्या. "शून्य! मशीनलाही कळलं."

सकाळी अकराच्या ठोक्याला पाकीट कुरियरवाल्याच्या हातात पडलं. संध्याकाळी कोकिळा आली, ती पिशवी न ठेवता तशीच माडीवर. हिशेबाचा कागद बघून तिच्या कपाळावर आठी आली.

"शून्य? अक्का, शून्य कसा येईल? आधीच्या एकवीसशेत एकशे चाळीस फरक होते."

"झालं सुरू!" झुंबरबाई कडाडल्या. "तुमच्यावर सोडते म्हणाली होतीस ना? की तेही बघून घेणार आहेस फक्त?"

कोकिळेने कडू गोळी गिळावी तसा तो प्रश्न गिळला. "नाही अक्का. राहू द्या." कागद तिने फाइलला लावला आणि पुन्हा बघितलासुद्धा नाही! झुंबरबाईंनी त्या दिवशी शेजारीपाजारी आमरस वाटला.

दहा दिवसांनी भाईदास जिना उतरताना तीन पायऱ्या एकदम उतरला. "अक्का! कंपनीचं पत्र आलंय! असं स्वच्छ काम कुठेच झालं नाही म्हणतात! खास अमेरिकेहून साहेब बघायला येतोय!"

गल्ली नंबर सहात अमेरिकेचा साहेब! मंदाबाईने ओट्याला चुना लावला, आणि तोही आपल्या! साहेब आला तो सव्वासहा फूट, भाजलेल्या मिरचीच्या रंगाचा, घामाने निथळलेला. बरोबर मुंबईच्या ऑफिसचे पगारे साहेब, सडपातळ, चष्म्यातले, इस्त्रीचे. माडीच्या दाराशी दोघांनी बूट काढले, आणि झुंबरबाईंना आणखी एक धक्का बसला. अमेरिकेच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता!

आत सगळ्या बायका नवी पातळं नेसून मशीनपुढे. साहेबाने कागद काढला, काही बोलला. पगारे साहेबांनी मराठीत सांगितलं, "साहेब म्हणतात, हेच काम मनिलात होतं, जमैकात होतं. नऊशे कार्डांत फरक शून्य, असं कुठेच झालेलं नाही. तुमची पद्धत समजली, तर ते तिकडेही शिकवतील आणि पुढच्या वर्षभराचं काम धुळ्याला देतील. कशी केलीत ती नऊशे?"

भाईदासने कोकिळेकडे बघितलं. कोकिळा म्हणाली, "ती मी नसताना झाली. अक्कांनी बघितलं सगळं."

सगळी माडी झुंबरबाईंकडे वळली. वर्षभराचं काम! म्हणजे पुणं गेलं खड्ड्यात! त्यांनी पदर सावरला. एवढ्या मोठ्या माणसापुढे शाळेतली मराठी कशाला, आपल्या घरची बोलीच बरी, असं ठरवून त्या बोलल्या.

"एकच काम दोनदा कसाले करानं? एकदा चांगलं करानं, आनि उतारी लेवानं! बठ्ठं सारखं!"

यशोदेने डोळे मिटले. द्रौपदाने तोंडाला पदर लावला. भाईदासचा चेहरा आधी पिवळा, मग पांढरा. एकदा करायचं आणि उतरवून घ्यायचं! पण पोरगा हुशार. त्याला वाटलं, या दोघांना अहिराणी कुठे कळते? तो घाईघाईने साहेबाला इंग्रजीत सांगू लागला, की माताजी म्हणतात, एकाग्रता हवी, श्रद्धा हवी, सकाळी प्रार्थना हवी. साहेब मान डोलवत वहीत लिहू लागला. प्रार्थना!

झुंबरबाईंना आणखी चेव आला. त्यांनी तशाच बोलीत सांगून टाकलं, की अमेरिकेच्या बायका घाईत माहेरचं आडनाव लिहून जातात, ती सगळी आपण दुरुस्त केली. एकट्या म्हाताऱ्यांच्या घरात माणसं घातली. मांजरी कमी केल्या. भाईदासने याचं भाषांतर केलं, "माताजी म्हणतात, कष्टाला पर्याय नाही."

तेवढ्यात पगारे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि हळूच म्हणाले, "अक्का, मन्हा मामानं गाव पारोळा शे."

एसी चालू असून माडीवर घाम फुटला! त्या इस्त्रीच्या माणसाचं आजोळ पारोळ्याला! त्याला शब्दन् शब्द कळला होता!

कोकिळा पुढे आली. "अक्का, आडनावं बदलली? तुम्ही?"

"बदलली कसली? दुरुस्त केली!"

पगारे साहेब गोऱ्या साहेबाशी बोलू लागले. बराच वेळ बोलले. साहेबाचा मिरचीचा रंग उतरत उतरत मुळ्यावर आला. त्याने वहीतली प्रार्थना खोडली. मग मशीनवर मूळ कार्डं उघडली गेली. एकसष्ट बायकांची माहेरं पुसलेली निघाली. चौतीस एकट्या म्हाताऱ्यांच्या घरात मिळून एकशे दोन माणसं जास्तीची निघाली. मांजरींचा हिशेब तर लागेचना.

"साहेब विचारतात," पगारे म्हणाले, "म्हाताऱ्या बाईच्या घरात चार माणसं का घातली?"

"बहात्तर वर्षांची बाई एकटी राहते का कुठे?" झुंबरबाईंचा आवाज आता खाली आला होता. पण ताठा तेवढाच. "लोकांना काय सांगणार? मी तिची लाज राखली."

पगारेंनी ते सांगितलं. साहेब पडद्याकडे बघत एकच वाक्य बोलला.

"साहेबांची आई पण एकटीच राहते म्हणतात. तिनेही हेच मशीन घेतलंय."

"मग हा इथं काय करतो?" झुंबरबाई उसळल्या. "त्याला म्हणावं, आधी घरी जा!"

हे मात्र पगारेंनी साहेबाला सांगितलं नाही.

निकाल जिन्यावरच लागला. आठ दिवसांची मुदत. नऊशेच्या नऊशे कार्डं कोरी करून पहिल्यापासून दोनदा टाइप करायची. जमलं तर पुढचं काम, नाहीतर सगळं मनिलाला. आणि टाइप करणाऱ्यांशिवाय माडीवर कोणीही जायचं नाही, असं लिहून त्यावर झुंबरबाईंची सही. दुसरीतली सही, वाकडीतिकडी, पण त्यांनी ती केली. स्वतःच्या घरात स्वतःला बंदी, आणि सही पण स्वतःचीच! भाईदासने घड्याळाखालचा लिफाफा काढून खिशात घातला.

ते आठ दिवस झुंबरबाईंनी जिन्याच्या खालच्या पायरीवर काढले. वर आठ जणी टकटकत होत्या. त्या खालून ताक पाठवत, पोळ्या पाठवत, आणि प्रत्येक उतरणारीला विचारत, "किती झाली?" मंदाबाई विचारायला आली, की म्हणत, "वर फार गार होतं, मला सर्दी झाली." कोकिळा येता-जाता समोरून जायची. गॅसचं बटण चाचपायची, कुलूप ओढायची, पण सासूशी एक शब्द नाही. भांडली असती तर बरं, असं झुंबरबाईंना वाटलं. भांडायला माणूस घरात असून भांडत नाही, म्हणजे पुणं इथंच आलं की!

नवव्या दिवशी मुंबईहून मंदाबाईकडे फोन आला. भाईदासने घेतला. परत आला तो खिशातून लिफाफा काढून फाडतच आला.

"राहिलं! काम राहिलं! पगारे साहेब म्हणाले, नऊशेत सत्तावन्न फरक निघाले, आणि कोकिळेने सगळे मिटवले. फरक बघून साहेब खूश झाला! म्हणाला, आता विश्वास बसला."

झुंबरबाई थक्क! शून्य चुका होत्या, तेव्हा चौकशी, आणि सत्तावन्न निघाल्या, तेव्हा विश्वास! या अमेरिकेचं काही खरं नव्हतं.

सगळ्या बायका माडीवरून खाली धावल्या. यशोदेने तर मंदाबाईच्याच ओट्यावर फुगडी धरली. कोकिळा तेवढी शेवटी उतरली आणि झुंबरबाईंच्या शेजारी, त्याच खालच्या पायरीवर बसली. आठ दिवसांत पहिल्यांदा ती बोलली. आवाज रडवेला, पण रागही होताच.

"अक्का, एवढंच सांगा. यात माझं काय चुकलं?"

झुंबरबाईंनी सुनेकडे बघितलं. आठ दिवसांत पोरगी निम्मी झाली होती. त्यांनी पदराने तिचं कपाळ पुसलं, घसा साफ केला, आणि भर जिन्यात, मंदाबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने निकाल दिला.

"पाच वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, माणसावर भरवसा ठेव म्हणून. पण म्हणून काय तू नेमका माझ्यावर ठेवायचास?"